शेवळे, काकडे आणि कोळंबी

मे महिन्याच्या अखेरीस दोन-चार वळवाच्या सरी पडून गेल्या, की पनवेलच्या बाजारात शेवळे येतात. ती भाजीवाल्यांच्या गाळ्यांवर शोधू नयेत. ती मिळतात रस्त्याच्या कडेला बसलेल्या ठाकूर-कातकरी बायकांच्या टोपल्यांत. तपकिरी-जांभळट रंगाची, मक्याच्या कोवळ्या कणसासारखी दिसणारी, जुडी बांधून ठेवलेली. शेजारीच लहान, हिरव्या, आंबट फळांचा वाटा असतो. ती काकडे. ज्यांना ठाऊक आहे ते दोन्ही एकदम घेतात. ज्यांना ठाऊक नाही ते नुसती शेवळे घेऊन घरी जातात आणि त्या रात्री सगळ्या घराचा घसा खाजतो.

शेवळाच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. काकडाचा आंबट रस त्या खाजेवरचा उतारा. पण एवढ्याने भाजी पुरी होत नाही. आगरी-कोळी घरांत, कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू घरांतही, शेवळात कोळंबी पडते. कोळंबी मिळाली नाही तर सोडे. वर्षातून एकदा, फार तर दोनदा होणारी ही भाजी. तिच्यासाठी सासुरवाशिणी माहेरी आल्याच्या गोष्टी आजही ऐकायला मिळतात.

आता त्या पातेल्यात काय काय पडले ते पाहा. शेवळ हा डोंगरउतारावरच्या रानातला कंद. वर्षातले सात-आठ महिने तो जमिनीखाली निजलेला असतो आणि पहिल्या पावसाच्या वासाने पान फुटायच्या आधी फुलोरा वर काढतो. आपण खातो तो हा फुलोरा. काकड हे त्याच रानातले पानझडीचे झाड. आणि कोळंबी आली खाडीतून, तिवरांच्या मुळ्यांमधून. म्हणजे डोंगरातले एक रान आणि पाण्यातले एक रान, या दोन्हींतले जिन्नस घेतल्याशिवाय आपल्या आजीची ही भाजी होत नव्हती. ही दोन्ही राने एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असल्याशिवाय असा पदार्थ कुणाला सुचलाच नसता.

ती तशी होती. पनवेल तालुक्यातले उलवे हे त्या दोन रानांच्या मधले गाव. आज नेरूळ किंवा बेलापूरहून उरणच्या गाडीत बसलात, की पनवेल खाडीचा पूल ओलांडून गाडी उलव्याच्या हद्दीत शिरते. खिडकीतून दोन्ही बाजूंना तिवरांचा हिरवा गालिचा दिसतो. त्यानंतर लागोपाठ दोन स्टेशने येतात, बामणडोंगरी आणि खारकोपर. नोव्हेंबर २०१८मध्ये ही गाडी सुरू झाली तेव्हापासून हजारो माणसे या नावांची तिकिटे काढत आहेत. पण नावे जरा उच्चारून पाहा. एका नावात डोंगर आहे, दुसऱ्या नावात खार. सेक्टरचे आकडे देणाऱ्यांनी या दोन स्टेशनांची जुनी नावे तेवढी तशीच राहू दिली, आणि इथला सगळा भूगोल त्यांत शाबूत राहिला.

डोंगरापासून सुरुवात करू. पनवेलच्या पूर्वेला माथेरानची रांग, दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका. या उतारांवरच्या जंगलाला वनशास्त्राच्या पुस्तकात मिश्र पानझडी वन म्हणतात. मिश्र म्हणजे कोणत्याही एका झाडाचे राज्य नसलेले. साग आहे, पण सागवान नाही. ऐन आहे, किंजळ आहे, बेहडा, कळंब, शिवण, कुसुंब, काटेसावर, पांगारा, ओढ्याकाठी उंबर, आंबा आणि जांभूळ. प्रत्येकाचे वेळापत्रक निराळे. सावर आणि पांगारा पाने टाकून ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतात आणि साऱ्या पाखरांना मध वाटतात. कुसुंबाला मार्चमध्ये अशी लालभडक पालवी फुटते, की दुरून झाड पेटल्यासारखे वाटते. उंबर वर्षभर कुणा ना कुणाला फळ देतच असतो. एक दुकान बंद झाले की दुसरे उघडते, म्हणून वानरे, भेकरे, तांबट आणि हरियाल यांची उपासमार होत नाही.

आपल्यातल्या पुष्कळांची मुले-भाचरे अमेरिकेत मिशिगन, मिनेसोटा, विस्कॉन्सिन अशा ठिकाणी आहेत. ऑक्टोबर उजाडला की त्यांच्याकडून लाल-केशरी झाडांचे फोटो येतात. ते उत्तरेकडचे मिश्र वन. तिथे रुंद पानांचे मेपल आणि बर्च यांच्या जोडीला सुईसारख्या पानांचे पाइन आणि हेमलॉक नांदतात. तिकडची झाडे थंडीच्या धास्तीने पाने गाळतात, आपली झाडे तहानेच्या धास्तीने. हिशेब एकच: कठीण दिवसांत खर्च कमी करायचा. फोटो बघून आपण वाहवा करतो, आणि त्याच घरातल्या कुणीही मार्चमध्ये कर्नाळ्याला जाऊन कुसुंबाची पालवी पाहिलेली नसते. असो.

त्या उत्तरेकडच्या वनाची एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. एकोणिसाव्या शतकात शिकागोसारखी शहरे वाढू लागली तेव्हा मिशिगन-विस्कॉन्सिनमधले पांढरे पाइन तोडून त्यांची घरे बांधली गेली. खोड तेवढे नेले, फांद्या आणि शेंडे जागेवरच वाळत पडले. ८ ऑक्टोबर १८७१ रोजी, कोरड्या दुष्काळी हवेत, विस्कॉन्सिनच्या पेश्टिगो गावाभोवती वणवा भडकला आणि हजारावर माणसे जळून मेली. जगाला ही आग ठाऊक नाही, कारण त्याच रात्री शिकागो शहरही पेटले होते. बातमी शहराची झाली. ज्या रानाने ते शहर उभे केले, त्याची झाली नाही.

आता पाण्याबरोबर डोंगर उतरू. माथेरानच्या पायथ्याशी धोदाणी-मालडुंगेकडच्या वाड्या आहेत. पनवेलच्या बाजारात रानभाजी घेऊन येणाऱ्या बायकांत तिकडच्या पुष्कळ. त्याच बाजूने गाढी नदी निघते. तिच्या पाण्यावर देहरंगचे धरण आहे, पनवेलकरांच्या तोंडी गाढेश्वरचे. पुढे ती पनवेल शहराला वळसा घालून खाडीला मिळते. पावसाळ्यातले चार महिने डोंगरावर पडलेले पाणी पालापाचोळ्याच्या थराने धरून ठेवायचे आणि सावकाश सोडायचे, हे मिश्र रानाचे खरे काम. पाचोळा कुजून तयार झालेली माती, गाळ आणि गोडे पाणी खाली येते. खाडीच्या तोंडाशी समुद्राचे खारे पाणी वर चढत असते. दोन्ही जिथे भेटतात तिथे ना धड गोडे, ना धड खारे असे मचूळ पाणी होते. त्या मचूळ पाण्यात तिवर, कांदळ, चिपी, काजळा, मारांडी ही दुसरी मिश्र वस्ती उभी राहते.

खाडीतल्या झाडांचे संसार पाहण्यासारखे असतात. चिखलात हवा नसते म्हणून तिवर आपली मुळे पेन्सिली रोवाव्यात तशी चिखलाबाहेर वर काढून श्वास घेते. पानाची मागची बाजू चाटून पाहिली तर खारट लागते, कारण नको असलेले मीठ ते पानांतून बाहेर टाकते. कांदळाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते, हातभर लांब शेंगेसारखा कोंब लोंबकळतो आणि तयार झाला की खाली पडून चिखलात रुततो किंवा भरतीबरोबर दुसरा गाव गाठतो. बाळ चालू लागल्याशिवाय घराबाहेर सोडायचे नाही, असा हा प्रकार.

आणि कोळंबी? ती अंडी घालते समुद्रात. डोळ्यांना दिसणारही नाहीत अशी पिल्ले भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत येतात, तिवरांच्या मुळ्यांत आडोसा घेतात, कुजलेल्या पानांवर पोसलेले बारीक जीव खाऊन वाढतात आणि मोठी झाली की पुन्हा समुद्राकडे निघतात. म्हणजे मुंबईच्या ताटात पडणाऱ्या कोळंबीतली कितीतरी बाळपणी अशाच एखाद्या खाडीत राहून गेलेली असते. जिताडा, बोय, चिंबोरी, निवटी यांनाही ही खाडी कुणाला पाळणाघर, कुणाला कायमचे घर. डोंगरातून येणारे गोडे पाणी आटले किंवा त्याची वाट वळली, की पाण्याचा खारेपणा बदलतो, आणि मग या घरांत राहायला येणारेही बदलतात.

डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या जागेत माणूस राहत होता. तोही या व्यवस्थेचाच एक भाग झाला होता. आगरी शेतकऱ्यांनी खाजणांना मातीचे बांध घातले, बांधाला उघाड्या ठेवल्या. उधाणाचे खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही आणि पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडायचे, एवढ्या तंत्रावर शेकडो एकर खारी पिकत होती. उधाणात बांध फुटला तर सगळ्या गावाने धावायचे, हा रिवाज होता. त्या खारवटीत राता भात व्हायचा. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे खारेपणा सोसणारे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे वाण काढले, त्यामागे याच प्रकारच्या जमिनींचा अनुभव होता. शेत कापून झाले की त्याच खाचरांत मासळी, बाजूला मिठागरे. कागदावर ही जमीन एकपिकी आणि हलकी. प्रत्यक्षात तिच्यावर घर भात खात होते, मासळी खात होते आणि वर मीठही विकत होते.

१९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. पुढचा इतिहास या पट्ट्यात घरोघरी ठाऊक आहे. जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. मोबदल्याचा प्रश्न न्यायाचा होता आणि तो लढूनच सुटायचा होता. पण त्या साऱ्या वादात जमीन चौरस मीटरमध्ये मोजली गेली. उघाडीतून किती पाणी जात होते, याचा भाव कुणी मागितला नाही आणि कुणी दिलाही नाही.

मग विमानतळ आला. २२ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्याला अटींसह मंजुरी दिली. सुमारे १,१६० हेक्टर जागा. गाढीचा प्रवाह वळवायचा नाही असे ठरले, उलवे नदीचा मात्र वळवायचा. उलव्याची सुमारे नव्वद मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून उतरवली गेली आणि तिचाच दगड खाली दलदलीत भरावाला वापरला गेला. हे वाक्य मी लिहिले आणि पुन्हा वाचले. डोंगर उचलला आणि खारीत ओतला. लाखो वर्षे पाऊस हेच काम चिमूट-चिमूट करत होता; आपण ते काही वर्षांत उरकले.

उलवे, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी अशा दहा गावांतली तीन हजारांहून अधिक कुटुंबे तिथून उठली आणि बरीचशी वडघर-वहाळच्या नव्या वसाहतींत गेली. भरावाचे काम सुरू झाल्यावर शेजारच्या डुंगी-पारगावात पावसाळ्यात पाणी शिरू लागले आणि तिथली माणसेही पुनर्वसन मागू लागली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबरला पहिली प्रवासी विमाने उडाली. विमानतळ नको होता असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. सांताक्रुझला विमानाची वाट पाहत मीही तास काढले आहेत, आणि उलव्यातल्या कित्येक तरुणांना आता घराजवळ काम मिळेल ही आशा खोटी नाही. आधीच दगडखाणींनी पोखरलेल्या त्या टेकड्यांवर फार मोठे अरण्य शिल्लक होते असाही दावा नाही. माझा मुद्दा भरपाईच्या हिशेबाबद्दल आहे.

मंजुरीच्या अटींमध्ये वाघिवली परिसरात मोठे कांदळवन उद्यान राखण्याची अट होती. राज्यभर लावलेल्या झाडांचे, राखलेल्या खारफुटीचे हेक्टर जाहीर होत असतात. उपग्रहाच्या चित्रात ते हिरवे दिसतातही. पण खाडीकाठी उतरून पाहिले तर त्या हिरव्यात बहुतेक सगळे तिवरच. सांडपाणी सोसणारे, जास्त खारेपणा सोसणारे, चिवट झाड ते. मुंबईभोवतीच्या खाड्यांत आज त्याचेच राज्य आहे. पडीक खारींचे बांध फुटले, तिथेही तिवरच शिरले. कांदळ, काजळा शोधावा लागतो. डोंगरावर तीच गत. वृक्षारोपणाच्या नावाने गेल्या काही दशकांत कोकणातल्या उघड्या टेकड्यांवर गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ ओळीने उभे राहिले. लवकर वाढतात, गुरे खात नाहीत, टक्केवारी भरून निघते. पण गिरिपुष्पाच्या कोरड्या शेंगेवर तांबटाचे पोट भरत नाही. हेक्टर भरले, मिश्र हा शब्द मात्र गळून गेला. भाजीचे उदाहरण द्यायचे तर शेवळे, काकडे आणि कोळंबी यांच्याऐवजी तेवढ्याच वजनाचा कोबी आणून दिल्यासारखे झाले.

कायद्याने काही केले नाही असे नाही. कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य १९६८मध्ये जाहीर झाले, अवघ्या साडेचार चौरस किलोमीटरचे. २००३मध्ये ते वाढवून बारा चौरस किलोमीटर केले. मधून मुंबई-गोवा महामार्ग जातो, तरीही दीडशेच्या आसपास जातींचे पक्षी तिथे नांदतात, हिवाळ्यात पाहुणे येतात ते वेगळेच. खाडीच्या बाजूला, २६ जुलै २००५च्या महापुराने मुंबईचे डोळे उघडल्यानंतर, त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटीच्या तोडीला मनाई केली. सप्टेंबर २०१८मधल्या अंतिम निकालाने ती पक्की केली आणि खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असे ठरवले. दोन टोके अशी राखली गेली. पण मधला ओढा, मधली टेकडी, मधली खार यांना कुठले कलम लावायचे? त्या ना अभयारण्य, ना कांदळवन. आणि दोन्ही टोके जिवंत असतात ती त्या मधल्यामुळे.

पाखरांना हे आपल्याआधी कळते. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत येणारे रोहित ओहोटीला उघड्या चिखलावर चरतात. भरतीने चिखल बुडाला की त्यांना पाय टेकवायला उथळ पाणी हवे असते, म्हणून ते नेरूळ, उलवे, उरणकडच्या पाणथळींवर उडून येतात. ठाणे खाडीचा भाग २०१५मध्ये अभयारण्य झाला, २०२२मध्ये रामसर यादीतही गेला. पण अभयारण्याचा पक्षी दिवसातले कित्येक तास अभयारण्याबाहेर काढतो, आणि त्या जागांवर राडारोडा पडतो किंवा भरतीचे पाणी आत येण्याची वाट बुजते. २० मे २०२४च्या रात्री घाटकोपरवर एका विमानाची थव्याला धडक बसून एकोणचाळीस रोहित मेले. आता विमाने उलव्यातूनही उडतात. पाणथळी राखणे ही नुसती पक्षिप्रेमींची हौस उरलेली नाही, विमानात बसणाऱ्यांच्या सुरक्षिततेचीही ती बाब आहे.

या भागाला रानाची किंमत कधी कळली नव्हती असे मात्र कुणी समजू नये. उरण तालुक्यातल्या चिरनेरला, अक्कादेवीच्या माळावर, २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. इंग्रज सरकारच्या वनकायद्याने लाकूडफाट्याचा, चराईचा हक्क काढून घेतला होता. माणसे कोयते-कुऱ्हाडी घेऊन डोंगर चढली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होता, आणि आगरी शेतकरीही होते. डोंगरातला माणूस आणि खारीतला माणूस एका रानासाठी एका माळावर पडले. दरवर्षी तिथे मानवंदना होते, भाषणे होतात. शाळेची मुले रांगेने येतात.

या वर्षी शेवळे आणायला मी पनवेलला गेलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. टोपलीवाली बाई धोदाणीच्या बाजूची. पहाटे निघून आलेली. शेवळे होती, पण काकडे थोडीच. झाडे कमी झालीत, लांब जावे लागते, असे ती सांगत होती. काकडे पुरली नाहीत तर चिंचेचा कोळ घाल, पण तो शेवळे उकडतानाच घाल, असेही बजावत होती. तिथून मासळीबाजारात गेलो. कोळंबीचे दोन ढीग होते. मोठी, एकसारखी दिसणारी तळ्यातली, आणि पलीकडे लहान-मोठी सरमिसळ, खाडीची. खाडीची महाग होती. कोळणीला शेवळांची पिशवी दिसली. तिने न विचारताच खाडीचा वाटा उचलला, वर मूठभर जास्त टाकली, आणि काकडे किती मिळाली ते विचारले. मी पिशवी उघडून दाखवली. तिने मोजली आणि मान हलवली. एवढ्या जुडीला ही पुरायची नाहीत, परत जा आणि आणखी चार मागून आण, म्हणाली. मी गेलो तेव्हा टोपली रिकामी झाली होती आणि बाई धोदाणीच्या गाडीला लागली होती.